केसभर इकडेतिकडे

विश्वाची मांडणी इतक्या काटेकोर मापांनी झालेली आहे, की गुरुत्वाकर्षणाचा जोर केसभर जरी कमीजास्त असता तर तारे पेटले नसते, पृथ्वी झाली नसती आणि आज आपण कोणीही इथे बसलेलो नसतो. हे वाक्य मी गेल्या हिवाळ्यात, भोपाळमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या सभागृहात, एका रविवारी सकाळी ऐकले. कार्यक्रम पाऊण तास उशिरा सुरू झाला होता, कारण ज्यांच्या हस्ते व्याख्यात्यांचा सत्कार व्हायचा ते चार इमली या सरकारी अधिकाऱ्यांच्या वसाहतीतले मोठे साहेब आलेच नव्हते. त्यांनी आपली सरकारी गाडी, ड्रायव्हर आणि शुभेच्छा पाठवल्या होत्या. शेवटी शाल-श्रीफळ खजिनदारांनीच दिले. माइक मधूनमधून शिट्टी मारत होता. पडद्यावर आकाशगंगा यायची तिथे आधी व्याख्यात्यांच्या नातवाची मुंज आली, ती बराच वेळ गेली नाही. इतके सगळे चुकूनही आम्ही सगळे जण तिथे बसलेलो होतो, ऐकत होतो आणि मागे मसालेभात शिजत होता.

मी इथल्या मोठ्या इंजिनिअरिंग कारखान्यातून निवृत्त झालो. साताऱ्याहून नोकरीसाठी आलो, नोकरी संपल्यावरही परत गेलो नाही, इथेच अवधपुरीत घर बांधले. माझे सगळे आयुष्य टर्बाइनच्या जुळणीत गेले. केसभर फरक म्हणजे काय, हे मी मापाच्या पट्ट्या सरकवून, दिव्याच्या उजेडात डोळे बारीक करून पाहिलेले आहे. देवाशी माझा संबंध कारखान्यातल्या विश्वकर्मा पूजेपुरता. त्या दिवशी सगळी यंत्रे बंद ठेवून त्यांना हळदकुंकू लावत आणि आम्हाला लाडू देत. मी लाडू खात असे. माझी पत्नी शैला मात्र मनापासून श्रद्धावान आहे. आमच्या घरात या बाबतीत जुना करार आहे. ती पूजा करते, मी फुले आणून देतो, आणि त्यावर दोघांपैकी कोणीही भाष्य करत नाही.

त्या व्याख्यानाला जायचे तिनेच ठरवले. खरे तर दोन-तीन आठवडे तिची तब्येत बरी नव्हती. जिना चढला की दम लागे, भाजी चिरता चिरता मध्येच हात थांबे, डोळ्यांपुढे अंधारी येई. आमच्या घरी रक्तदाब मोजायचे यंत्र आहे. त्यावर तिची नाडी छत्तीस दिसली. मी सेल बदलले, पुन्हा छत्तीस. माझ्या दंडाला लावून पाहिले तर माझी नाडी व्यवस्थित आली. म्हणजे पट्टा तिच्या दंडाला नीट बसत नसणार, असा मी निष्कर्ष काढला आणि दुकानातून यंत्र बदलून आणले. नव्या यंत्रानेही छत्तीसच्या आसपासच आकडा दाखवला, तेव्हा मी तिला सांगितले की या लोकांची सगळी बॅचच खराब आलेली दिसते. कारखान्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसालाच असा विचार सुचू शकतो. शैला एवढेच म्हणाली, "अहो, मशीन बरोबर असेल. मीच बिघडले असेन." मी हसलो, कारण तीही हसली होती.

निघताना तिने मला बजावले होते, "तिथे प्रश्न विचारू नका हं. विचारायचाच असेल तर जेवणानंतर विचारा. लोक भुकेले असतात." मी हो म्हटले होते. पण व्याख्याते, टेंबे सर, नागपूरचे निवृत्त प्राध्यापक, एकेक आकडा पडद्यावर आणू लागले. हा आकडा इतका नसता तर पाणी नसते, तो तितका नसता तर कोळसा नसता. प्रत्येक आकड्यानंतर ते थांबत आणि म्हणत, "हे कोणी लावलं?" सभागृह मान डोलवत होते. शेवटी प्रश्नोत्तरे आहेत असे कोणीतरी जाहीर केले आणि माझा हात आपोआप वर गेला.

मी म्हटले, "सर, आमच्या मशीनला नॉब असायचा. तो कुठून कुठपर्यंत फिरतो ते आम्हाला दिसायचं. म्हणून तो अमुक जागी बसवणं किती कठीण, ते सांगता यायचं. विश्वाचा नॉब कोणी पाहिला आहे? तो फिरतो तरी का, हेही आपल्याला माहीत नाही. आपल्याला विश्व एकच मिळालं आहे आणि तेही चालू स्थितीत." काही लोक हसले. मला तिथेच बसता आले असते. पण मी पुढे बोललो, "आणि केसभर फरकानं बंद पडणारं मशीन कोणी माझ्याकडे आणलं असतं, तर मी ड्रॉइंग परत पाठवलं असतं. चांगल्या मशीनमध्ये थोडी मोकळीक ठेवतात. शाफ्ट आणि बेअरिंगच्या मधे फट ठेवावी लागते, तिथे तेल राहतं. फट ठेवली नाही तर ते जॅम होतं. मग तुमच्या देवाच्या कौशल्याचा पुरावा म्हणून तुम्ही त्याचं असं नाजूक काम का दाखवता?"

टेंबे सरांनी चष्मा काढून शालीच्या टोकाला पुसला. "प्रश्न चांगला आहे," ते म्हणाले. "जेवताना बोलू."

मी खाली बसलो आणि शैला कशी बघते आहे ते पाहायला वळलो. तिने माझ्या खांद्यावर डोके टेकलेले होते. आमच्या सबंध संसारात तिने चारचौघांत माझ्या खांद्यावर डोके टेकलेले नाही, त्यामुळे काहीतरी गंभीर झाले आहे हे मला ताबडतोब समजले. मी तिला हाक मारली. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि हात गार होता.

पुढचे थोडे तुटक आठवते. कोणी कांदा फोडून आणला, कोणी साखर. कोणी खिडक्या उघडायला सांगितल्या, कोणी थंडी आहे म्हणून लावायला. अँब्युलन्सला फोन लागला, पण ती दूर कुठेतरी होती. आमच्याकडे स्कूटर होती. मी शैलाचा हात धरून नुसता उभा होतो. तेवढ्यात टेंबे सर व्यासपीठावरून अनवाणीच खाली उतरले आणि म्हणाले, "माझी गाडी बाहेर आहे. उचला." ती गाडी म्हणजे त्या न आलेल्या साहेबांची पांढरी गाडी. जेवण झाल्यावर सरांना स्टेशनवर सोडण्यासाठी ती ठेवलेली होती, दुपारच्या गाडीने ते नागपूरला परतणार होते. ड्रायव्हर अडला. "साहब से पूछना पड़ेगा, सर." त्यावर सर त्याच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले, दार लावून घेतले आणि म्हणाले, "पूछ लेंगे. अभी आप चलिए." त्यांनी अंगावरची सत्काराची शाल काढून मागे माझ्याकडे दिली. ती मी शैलाला गुंडाळली. नारळ तेवढा त्यांच्या मांडीवर राहिला.

रस्ता मेट्रोच्या कामासाठी खणलेला होता. ड्रायव्हरला बंगला आणि मंत्रालय यांच्या मधलाच रस्ता नीट ठाऊक असावा. तो चुकीच्या वळणाने आत शिरला आणि आम्ही अशोका गार्डनच्या बाजारात जाऊन अडकलो. पुढे हातगाड्या, मागे रिक्षा. शैलाने मध्येच डोळे उघडले. मला पाहून क्षीण आवाजात विचारले, "प्रश्न विचारलात ना शेवटी?"

"हो."

"मग काय म्हणाले ते?"

"जेवताना सांगणार होते."

पुढच्या सीटवरून टेंबे सर वळले. "वहिनी, तुम्ही बऱ्या व्हा, मग तुमच्यासमोरच सांगतो. उत्तर जरा लांबलचक आहे." शैलाने पुन्हा डोळे मिटले. सर खिडकीतून डोके काढून ओरडू लागले, "भैया, हटो! मरीज़ है!" थोड्या वेळापूर्वी आकाशगंगांवर बोलणारा तो आवाज आता संत्र्यांच्या हातगाडीला उद्देशून होता आणि, खरे सांगायचे तर, माझ्यावर त्याचा अधिक परिणाम झाला.

पहिल्या इस्पितळात हृदयाचे डॉक्टर नव्हते, ते लग्नासाठी इंदूरला गेले होते. तिथे कागदावर हृदयाचा आलेख काढून आम्हाला पुढे पाठवले. दुसऱ्या इस्पितळात स्ट्रेचरचे एक चाक फिरत नव्हते. ते एका बाजूने टेंबे सरांनी उचलून धरले आणि आम्ही लिफ्टपर्यंत गेलो, तर लिफ्ट दुरुस्तीला होती. आम्ही स्ट्रेचरसाठी केलेल्या चढणीच्या रॅम्पने वर गेलो. तिथे पायात पळायचे बूट घातलेली एक तरुण डॉक्टर भेटली. तिने आलेख पाहिला, शैलाच्या मनगटावर बोटे ठेवली आणि मला विचारले, "अंकल, ये कब से चल रहा है?" मी म्हटले, दोन-तीन आठवड्यांपासून थकवा आहे. मग मी तिला यंत्राबद्दल सांगितले. तिने माझ्याकडे एकदा पाहिले. "मशीन बिलकुल सही थी, अंकल," ती म्हणाली. त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागले.

मग तिने समजावून सांगितले. हृदयाच्या वरच्या भागात एक केंद्र असते. तिथून ठोक्याचा हुकूम निघतो आणि खाली पोहोचतो. शैलाच्या हृदयात ती वाट बंद झाली होती. वरून एकही हुकूम खाली येत नव्हता. मी विचारले, "फिर दिल चल कैसे रहा है?" डॉक्टर म्हणाली, "ऊपर से ऑर्डर बंद हो जाए, तो नीचे वाला हिस्सा अपने आप चलने लगता है. धीरे चलता है, पर चलता है. उसी पर आंटी इतने दिन से हैं." पण त्या आधाराचा भरवसा नसतो, तो केव्हाही थांबू शकतो, म्हणून लगेच मानेजवळच्या शिरेतून तार घालावी लागेल आणि बाहेरच्या यंत्राने ठोके द्यावे लागतील, असे तिने सांगितले. तिने दाखवले तिथे मी सही केली. दार बंद झाले.

बाहेरच्या बाकावर मी आणि टेंबे सर बसलो. त्यांची नागपूरची गाडी एव्हाना निघून गेली असावी. मी ते म्हटले, तर त्यांनी मान हलवली, जणू मी हवेबद्दल काही बोललो. त्यांच्या पायांत अजून काही नव्हते. फरशी गार होती, म्हणून त्यांनी पाय वर घेऊन मांडी घातली होती. माझ्या मनात तेव्हा देव नव्हता आणि विश्वही नव्हते. बंद दार होते. मी आयुष्यभर वस्तू जुळवत आलो, कुठे काय कमी आहे ते पाहून तिथे पत्र्याची पातळ पट्टी सरकवत आलो. त्या दाराच्या आत मला काहीही सरकवता येत नव्हते. माझे हात मांडीवर नुसते पडले होते आणि मी त्यांच्याकडे पाहत होतो.

काहीतरी बोलायला हवे म्हणून मी म्हटले, "सर, माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं."

"उत्तर नाहीये माझ्याकडे," ते म्हणाले. "जेवताना बोलू असं मी ज्यांच्या प्रश्नाला उत्तर नसतं त्यांनाच सांगतो. बहुतेक लोक जेवताना विसरतात."

"मग तुम्ही ते व्याख्यान का देता?"

"लोकांना आकडे आवडतात. आणि मला बोलावतात." मग ते म्हणाले, "नॉब कोणी पाहिला नाही हे मलाही माहीत आहे हो. चाळीस वर्षं फिजिक्स शिकवलं मी. पण माझा विश्वास आकड्यांवर उभाच नाही. आकडे मी नंतर गोळा केले."

"मग कशावर आहे?"

"मला धड सांगता येत नाही," ते म्हणाले. "कुणी मदतीला धावून आलं की आभार मानावेसे वाटतात. कधीकधी समोर कुणीच नसतं, तरी तसंच वाटतं. तेव्हा मी ते मानतो. एवढंच आहे. यावर दीड तासाचं व्याख्यान होत नाही."

मघाशी ज्यांच्या युक्तिवादाचे मी भर सभेत तुकडे केले होते, त्यांनीच माझ्या बायकोला गाडीत घातले होते. त्यासाठी त्यांनी कुठलाही युक्तिवाद केला नव्हता. दार उघडले आणि डॉक्टर बाहेर आली. "हो गया, अंकल. अब आराम से चल रहा है." मी तिला हात जोडले. मग सरांनाही जोडले. मग हात जोडलेलेच राहिले, कारण ते खाली घ्यायचे कसे ते मला सुचेना.

काही दिवसांनी शैलाला कायमचा पेसमेकर बसवला. या काळात मंडळातल्या लोकांचे फोन येत होते. पटवर्धन वहिनी म्हणाल्या, "बघा ना भाऊजी, कसं सगळं जुळून आलं! साहेब आले नाहीत म्हणून तर त्यांची गाडी दारात मोकळी होती. पाच मिनिटं इकडची तिकडे झाली असती तर?" त्यांच्या आवाजात खरी माया होती, म्हणून मी हो म्हटले. पण फोन ठेवल्यावर मी विचार करत बसलो. जुळले काय होते? अँब्युलन्स जुळली नव्हती. रस्ता जुळला नव्हता. पहिल्या इस्पितळात डॉक्टर नव्हते, दुसऱ्या ठिकाणी चाक फिरत नव्हते, लिफ्ट बंद होती. खुद्द शैलाचे हृदय कित्येक दिवस निम्म्या गतीने चालले होते आणि घरातला इंजिनिअर यंत्रांच्या बॅचला दोष देत होता. त्या दिवशी केसभर नव्हे, हातभर इकडेतिकडे झालेले होते. आणि तरीही ती जगली.

मला जे मिळाले ते काटेकोरपणामुळे मिळाले नाही, हे माझ्या हळूहळू ध्यानात आले. ते कुठल्या तरी मोकळिकीतून मिळाले. हृदयाला हुकूम नसताना चालत राहण्याची मुभा होती. एका माणसाच्या दिवसात गाडी चुकवण्याएवढी जागा होती. संत्र्यांची हातगाडी आरडाओरडा ऐकून बाजूला झाली होती. ही मोकळीक कोणी ठेवली, की ती तशीच राहून गेली, हे मला आजही माहीत नाही. अनंत काळ घडत-मोडत शरीर असे झाले असेल, असे माझी बुद्धी सांगते आणि मी ते मानतो. विश्वाच्या मापांवरून देव सिद्ध होतो, हे मला त्या बाकावर पटले नाही आणि नंतरही पटलेले नाही. पण सिद्ध होईपर्यंत कृतज्ञता अडवून ठेवायची, ही माझी जुनी रीत मात्र मला आता फार कंजूष वाटते. सगळे आपल्या हाताने जुळवल्याशिवाय काही चालणार नाही, हा माझा समज त्या बंद दारासमोर गळून पडला, आणि पडल्यावर मला हलके वाटले. शरणागती म्हणजे गुडघे टेकणे असे मी समजत होतो. माझ्या बाबतीत ती हात मांडीवर ठेवून बसता येणे एवढीच निघाली.

इस्पितळात शैलाला धड बोलता येऊ लागले तेव्हा तिने पहिली गोष्ट मागितली ती ही, की मी घरी जाऊन संध्याकाळी देवापुढे दिवा लावावा. करारात हे नव्हते. पण मी गेलो. देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर स्टीलची छोटी डबी होती, त्यातले गोठलेले तूप चमच्याने निरांजनात घातले, वात भिजवली आणि काडी ओढली. ज्योत स्थिर झाली. स्तोत्र मला येत नव्हते. देवांची नावे येत होती, पण ओळख नसताना नावाने हाक मारणे बरे दिसले नसते. मी नुसताच उभा राहिलो. मग मोठ्याने म्हटले, "आभारी आहे." रिकाम्या घरात ते शब्द विचित्र वाटले, पण खोटे वाटले नाहीत. आत कुठेतरी फार दिवस घट्ट आवळलेले काहीतरी सैल झाले आणि डोळे भरून आले. ती घरी येईपर्यंत मी रोज तसाच दिवा लावत राहिलो, रोज तेच दोन शब्द म्हणत राहिलो. आताही संध्याकाळी ती दिवा लावते तेव्हा मी मागे उभा राहतो. कोणापुढे, ते विचारू नये. उभे राहावेसे वाटते.

घरी आल्यावर शैला सर्वांत आधी देव्हाऱ्यापुढे बसली, हात जोडले आणि ती स्टीलची डबी उघडून पाहिली. ते तूप नव्हते. थंडीत टाचांच्या भेगांना लावायला तिने मेण आणि खोबरेल तेल कढवून केलेले ते मलम होते. पाऊण डबी संपली होती.